विजूमावशीचं कडवं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, रुचाला नाही. आणि ज्या दोघींना सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. त्यांतली एक आता नाही. दुसरीशी मी दर रविवारी फोनवर बोलते.

तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. जड असं काही वाटतच नाही. खरं तर काहीच फारसं वाटत नाही — आणि तेही सांगायचं आहे.

सुरुवात एका कवीपासून करते. मला तसंच येतं. आधी पुस्तकातलं, मग आपलं. हा कवी सोळाव्या शतकातला, उत्तर इटलीतल्या एका लहान दरबारातला. नाव देत नाही, माझ्या प्रबंधाबाहेर त्याला ओळखणारे थोडेच. जन्मभर तो एका ड्यूकच्या आश्रयाला राहिला. राहायला वरच्या मजल्यावर खोली, जेवायला पंगतीच्या शेवटी जागा, आणि बदल्यात कविता. ड्यूकच्या मुलीचं लग्न निघालं की विवाहगीत. नातू झाला की पाळणा. एकदा ड्यूकचा शिकारी कुत्रा मेला, तर त्याच्यावरही सुनीत.

मी अटलांटाला पीएच.डी. करायला आले ती २००१च्या उन्हाळ्यात, आणि उतरले शहराजवळच्या अल्फारेटाला, दामले काका-काकूंच्या बेसमेंटमध्ये. काका बाबांचे कॉलेजातले मित्र. पहिल्या सेमिस्टरपुरती म्हणून आलेली मी तिथे प्रबंध संपेपर्यंत राहिले. भाड्याचा विषय काढला की काका रागवायचे. पाहुणे आले की मला वर हाक मारायचे आणि सांगायचे, “आम्ही घरात कवयित्री ठेवली आहे बरं का! राजेरजवाडे ठेवायचे तशी.” सगळे हसायचे. मीही हसायचे.

पण खोटं कुठे होतं त्यात? इथल्या मराठी मंडळात कुणाची एकसष्टी असली की कविता माझी. डोहाळजेवणाची गाणी माझी. आडनावासकट नवऱ्याचं नाव उखाण्यात बसवून द्यायचं कामही माझं. रात्रीच्या जेवणाला टेबलाच्या टोकाची, मायक्रोवेव्हजवळची खुर्ची माझी. त्या खुर्चीवर माझा फार जीव होता. हे लक्षात ठेवा.

विजूमावशी म्हणजे काकूंची धाकटी बहीण, विजया. लग्न केलेलं नव्हतं. रुचा, काकूंची मुलगी, दोन वर्षांची असताना काकूंनी तिला नागपूरहून बोलावून घेतलं आणि ती इथलीच झाली. रुचाला तिनेच वाढवलं. नंतर चाळिशी उलटल्यावर गाडी शिकली आणि एका शाळेच्या कॅफेटेरियात नोकरीला लागली. दुपारी परतली की चहाचे दोन कप घेऊन माझ्याकडे खाली यायची. मी तिला त्या कवीच्या ओळी मराठीत करून सांगायचे. तिला देवदेवता आवडायच्या नाहीत. “हे व्हीनस-बिनस राहू दे गं. माणसं कुठे आहेत सांग.”

पहिल्या काळात त्याच्या कवितेत माणसं होती. फार होती. त्याचं एक लांबलचक विवाहगीत आहे, त्यात तो दरबारातल्या एकेकाला नावानिशी बोलावतो — आचारी, दाया, घोड्यांची देखभाल करणारा, आणि त्याची मैत्रीण असलेली एक वीणावादक. तिच्यावर एक आख्खं कडवं आहे. तिने त्याला सुरांचा कान दिला, असं तो म्हणतो. विजूमावशीला ते कडवं फार आवडायचं.

पुढे त्या बाईवर ड्यूकची मर्जी राहिली नाही. ती दरबार सोडून गेली. आणि त्या गीताची जी दुसरी प्रत आहे, तिच्यात ते कडवं नाही. आधीचं आणि नंतरचं कडवं असं बेमालूम सांधलं आहे की मधे काही होतं हे कळूही नये. त्यानंतर त्याने जे लिहिलं ते निर्दोष आहे. नद्या आहेत, लॉरेलची झाडं आहेत, पहाट आहे. माणसाचं नाव एकही नाही. माझा सगळा प्रबंध या एका जोडावर उभा होता: कविता कुठे थंड पडली आणि का.

विजूमावशी २००३मध्ये घर सोडून गेली. तिच्या शाळेत दुरुस्तीची कामं करणारा रे नावाचा माणूस होता, बायको वारलेली. ती त्याच्याकडे राहायला गेली. लग्न न करता. पन्नाशीत. काका ओरडले नाहीत, काकू रडल्या नाहीत — निदान माझ्यासमोर नाहीत. फक्त घरात तिचं नाव येईनासं झालं. भिंतीवरचा तिचा फोटो तसाच होता. तिचा चहाचा कपही स्टँडवर तसाच. नाव काढायचं नाही असं मला कुणीही, कधीही सांगितलं नाही. हे मी पुन्हा लिहिते. मला कुणीही, कधीही सांगितलं नाही.

मग रुचाचं लग्न ठरलं. ती काकांना म्हणाली, “मावशी येणार. नॉट अप फॉर डिस्कशन.” मंगलाष्टकं अर्थातच मी लिहायची होती आणि माइकवर म्हणायचीही मीच.

ज्यांनी लिहिली आहेत त्यांना ठाऊक असतं की मंगलाष्टकं म्हणजे एक दरबारच असतो. आधी गणपती, मग कुलदैवत, मग आजी-आजोबा, आई-वडील, मामा, मावशी, आत्या. कोण कुठल्या कडव्यात येतं आणि कोण कुणाच्या आधी, हे सगळे कान देऊन ऐकत असतात. मी विजूमावशीचं कडवं लिहिलं. मी लिहिलेलं तेवढंच एक बरं. ‘विजया’ हे नाव त्या वृत्तात ओळीच्या मध्यावर, विरामाच्या अगदी आधी बसतं. नाव घेतलं की श्वास घ्यावाच लागतो. बेसमेंटमध्ये मी ते पुन्हापुन्हा म्हणून बघायचे. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात तिला फोनवर म्हणून दाखवलं. ती म्हणाली, “अगं, माझं नाव... सगळ्यांसमोर?” आणि मग, “रेला सांगते, कॅमेरा चार्ज करून ठेव.”

लग्न हॉटेलच्या हॉलमध्ये होतं. कार्पेटमुळे तांदूळ टाकायला बंदी, म्हणून अक्षतांऐवजी गुलाबाच्या पाकळ्या. अंतरपाट धरला. मी माइकपाशी उभी राहिले. काकू स्टेजवर, रुचाच्या डावीकडे. विजूमावशी शेवटच्या रांगेत, आणि रे — त्याला कुणाचा तरी झब्बा घातला होता, तोकडा — बाजूच्या मोकळ्या जागेत कॅमेरा घेऊन. मामांचं कडवं झालं. पाकळ्या उडाल्या. रेने कॅमेरा वर केला. तिने त्याला खूण केली असणार, आता माझं. त्याला मराठी कुठलं कळायला?

मी काकूंकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या, चेहरा आवळलेला. आणि मी — काय सांगू? मला ती मायक्रोवेव्हजवळची खुर्ची दिसली. खरंच तेवढंच दिसलं. मी श्वास घेतला आणि आत्याचं कडवं सुरू केलं. सूर हलला नाही. जोड कुणालाही कळला नाही.

रेचा कॅमेरा थोडा वेळ तसाच वर होता. मग तो हळूहळू खाली आला.

इथवर भित्रेपणा म्हणता येईल. माणूस भितो. पण मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं आहे.

जेवणाच्या गडबडीत विजूमावशी पार्किंग लॉटमध्ये निघून गेली होती. मी मागे गेले. तिच्या केसांत पाकळी अडकली होती. ती रागावलेली नव्हती. मलाच सोपं करून देत असल्यासारखं तिने विचारलं, “ताईने काढायला लावलं का गं?”

नाही, एवढं एकच म्हणायचं होतं. नाही, मीच काढलं.

मी मान हलवली. हो अशी.

“बरोबर आहे तिचं,” विजूमावशी म्हणाली. गाडीत बसली. रेने काच वर केली.

प्रबंध मी त्याच वर्षी पुरा केला. त्यात एक वाक्य आहे: ते कडवं ड्यूकच्या हुकमावरून गाळण्यात आलं. तसा हुकूम कुठल्याही दप्तरात सापडलेला नाही. तोंडी परीक्षेत एका प्राध्यापिकेने विचारलंही, याला आधार काय? मी म्हणाले, दरबारात हुकूम लिहावे लागत नाहीत. सगळ्यांना उत्तर आवडलं. तो प्रबंध आता बांधून ग्रंथालयात आहे. त्या जोडाबद्दल खरं काय ते मला वाचून नव्हे, करून ठाऊक होतं — आणि मी ते वाक्य तसंच राहू दिलं. कवीला वाचवलं, ड्यूकवर ढकललं.

मग इथेच तासाभराच्या अंतरावर एका कॉलेजात नोकरी लागली. वर्षं गेली. या वर्षी फेब्रुवारीत विजूमावशीचा आजार कळला तेव्हा तो आवरण्यापलीकडे गेलेला होता. मी हॉस्पिटलमध्ये जायचे. ती दाराकडे बघत असायची. एकदा म्हणाली, “ताईला कळवलंय रुचाने. येणार नाही ती. तिने एकदा ठरवलं की ठरवलं.” मी तिच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं. तेव्हा सांगता आलं असतं. दार उघडं होतं, दुपार होती, घाई कसलीच नव्हती. मी पांघरूण नीट केलं.

ती गेली. काकू फ्यूनरल होमला आल्या, मागे बसल्या, निघून गेल्या. मी रडले नाही. तेव्हापासून मला रडू येतच नाही. लोकांना वाटतं, मी धीराची आहे.

चार-सहा आठवड्यांनी काकूंनी मला घरी बोलावलं. टेबलावर एक साडी होती, दुकानाच्या पिशवीतच. मोरपंखी, जरीचा बारीक काठ. “ही तिची,” काकू म्हणाल्या. “मानाची. रुचाच्या लग्नात द्यायला आणली होती. गाडीच्या ट्रंकमध्ये ठेवली होती, म्हटलं, जेवणं झाली की बाजूला नेऊन देईन. तोवर ती निघून गेलेली.”

मी पिशवीतून दिसणारा काठ बघत होते.

“तुझं ते कडवं मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “हीटिंगच्या जाळीतून सगळं वर ऐकू यायचं ना स्वयंपाकघरात. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायचे. यांना काही बोलले नाही. म्हटलं, येऊ दे तिचं नाव एकदा, मग पुढचं आपोआप होईल. स्टेजवर मी खाली मान घालून उभी होते — वाटलं, नाव आलं की रडू फुटणार सगळ्यांसमोर. आणि आलंच नाही.”

पलीकडे डिशवॉशर चालू होता. काकूंनी साडीच्या पिशवीवरून हात फिरवला.

“तिनेच सांगितलं असेल ना तुला, नको घेऊस म्हणून? मानी होती. मला वाटलं, तिलाच आमच्यात यायचं नाहीये. मग मी पण नाही फोन केला. हॉस्पिटलमध्ये सुद्धा नाही गेले. म्हटलं, शेवटच्या दिवसांत तरी कशाला तिला त्रास द्यायचा.” मग माझ्याकडे सरळ बघून, “तिनेच सांगितलं होतं ना गं?”

मी मान हलवली. हो अशी.

दुसऱ्यांदा. पार्किंग लॉटमध्ये हलवली होती तश्शीच. या वेळी तर भ्यायचं काही कारणही नव्हतं. खोली नको होती, खुर्ची नको होती. मला त्या घरातून काहीही नको होतं.

काकूंनी डोळे पुसले. म्हणाल्या, “वाटलंच होतं.” त्यांच्या आवाजात थोडी सुटका होती, असं मला वाटलं, की तसं मी स्वतःला सांगते? आणि साडी माझ्याकडे सरकवली. “तू घे. तुझी मैत्रीण होती.”

मी घेतली.

तर एका बहिणीला मी सांगितलं की तुझं नाव दुसरीने काढलं. दुसरीला सांगितलं की तिला स्वतःलाच नको होतं. दोघींनीही विश्वास ठेवला. एक तो विश्वास घेऊन गेली. दुसरी तो घेऊन रोज स्वयंपाक करते, काकांच्या गोळ्या काढून देते, रविवारी मला फोन करते. जेवलीस का, विचारते. साडी नेसलीस का, विचारते.

गेल्या महिन्यात मंडळातलं एक लग्न होतं. मंगलाष्टकं माझी. हल्ली त्यांत नद्या असतात, समया असतात, चंद्र असतो. लोक म्हणतात, तुमची भाषा आता फार मुरली. मी ती मोरपंखी साडी नेसून गेले. काकू पहिल्या रांगेत होत्या, त्यांनी दुरून हात हलवला. मी माइकपाशी उभी राहिले आणि सगळी कडवी ओळीने म्हटली. एकही गाळलं नाही.