विहीणबाईंच्या सुया

बाळांनो, परवा फोनवर तुमच्यातल्या मोठीने विचारलं, "आजी, हिवाळ्यात मी तुझ्याकडे आले तर वापरलेल्या सुया कुठे टाकायच्या?" तिला इन्सुलिन सुरू होऊन फार दिवस झाले नाहीत, पण प्रश्न थेट मुद्द्याचा. मी "बघू" म्हणून विषय टाळला. खरं तर या बाबतीत मला अनुभव आहे, पण तो फोनवर सांगण्यासारखा नाही. म्हणून लिहिते आहे. कुठे अडलं तर आईला विचारा.

तुम्हाला दोन आज्या. एक मी, दुसरी तुमच्या बाबांची आई, म्हणजे नात्याने माझी विहीण. दोन हजार सालाच्या आसपास एका हिवाळ्यात त्या तुमच्या बाबांच्या देशातून आमच्याकडे राहायला आल्या. आम्ही तेव्हाही इथेच होतो, गडचिरोलीतल्या वडशापासून थोडं आत, तलावाकाठी. तुमचे आजोबा जंगलखात्यातून निवृत्त होऊन धानाची शेती बघत. विहीणबाई उंच, शिस्तीच्या. मीही शिस्तीची. आमचं इंग्रजीतून लगेच जमलं. दोन शिस्तीच्या बायका एकत्र आल्या की एरवी घरच्यांचे हाल होतात. आमच्या बाबतीत ते गावाचे झाले.

त्यांना रोज इन्सुलिन लागे. सोबत त्यांच्या दवाखान्याने दिलेलं एक पत्रक होतं: परदेशात असताना वापरलेली सुई उघडी टाकू नका, घट्ट झाकणाच्या जाड डब्यात साठवा, डब्यावर सूचना लिहा, मग तिथल्या नियमाप्रमाणे विल्हेवाट लावा.

"तुमच्याकडे काय नियम आहे?" त्यांनी विचारलं.

गावात उपकेंद्र होतं आणि त्याला कुलूप होतं. एवढाच नियम मला माहीत होता. पाहुणीसमोर तसं म्हणवेना. मी म्हणाले, "आमच्याकडे खोल पुरतात." आणि आम्ही पुरल्या.

डबा त्यांचाच होता, कॉफीचा, जाड प्लॅस्टिकचा, फिरकीच्या झाकणाचा. त्यावर मी इंग्रजीत आणि मराठीत ठळक लिहिलं, "धोका, हात लावू नये." खाली कवटी काढली, ती कैरीसारखी झाली. डबा बराचसा भरल्यावर परसात लिंबाजवळ खोल खड्डा केला, डबा ठेवला, माती ओढली, वर दगड. विहीणबाईंनी समाधानाने हात झटकले. मला एम.ए.च्या निकालाच्या दिवशीही इतकं काही साधल्यासारखं वाटलं नव्हतं.

पुढे दोनेक दिवसांनी मी आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या घरी गेले. तिचा नवरा ढिवर, तलावातले मासे धरणारा. दुसऱ्या दिवशी तलावात मोठं जाळं पडणार होतं आणि मला पाहुणीसाठी चांगली मासळी सांगून ठेवायची होती. चुलीजवळच्या फळीवर आमचा डबा होता. आत मीठ. कैरीचं तोंड माझ्याकडे.

"हा डबा कुठला गं?"

"तुमचाच व्हय बाई. लिंबापाशी गाडला होता नाई का."

"गाडला होता, मग काढलास कशाला?"

"चांगला डबा मातीत काऊन गाडाचा? माया घरी मिठाले पाणी सुटते. मले वाटलं, पाहुण्या बाईच्या देशात असं करत असन."

"अगं, त्यावर लिहिलंय, हात लावू नये म्हणून!"

"पोरीनं वाचून सांगतलं मले. ते तं सुयाईसाठी लिवलं होतं. सुया म्या ठेवल्याच नाई."

"मग कुठे आहेत?"

"फेकल्या पाळीवर, बेशरमाच्या झुडपाईत. तिथी कोण जाते?"

असं म्हणाली आणि तिचीच तिला चूक उमगली. उद्या अख्खं गाव तलावाच्या त्याच पाळीवर, म्हणजे बांधावर, चढणार होतं, अनवाणी. तिने तोंडावर हात ठेवला. "माया मालकच तिथून जाळं ओढते, बाई."

मी तिला आमच्या घरातल्या झाकणाच्या दोन बरण्या कबूल केल्या आणि ते मीठ फेकायला लावलं. विहीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या आधी पांढऱ्या झाल्या, मग लाल. चुलीजवळचा चिमटा उचलून त्या निघाल्याच. निघताना मात्र पाकिटात उरलेल्या आणि डबा पुरल्यानंतर वापरलेल्या सुया मोजून, आणलेल्यांतून वजा करून, किती शोधायच्या ते कागदावर लिहून घेतलं.

आम्ही तिघी त्या झुडपांत वाकलो. पाळीची ती बाजू लोक सकाळी कशासाठी वापरत ते तुम्हाला कळलं असेलच. वरून जाळी वाळवणारे ढिवर बघत होते. त्यातल्या एकाने हाक मारली, "बाई, इलायतेची बाई आमच्या हागणदारीत काय ढुंढून राह्यली? तिच्या देशात भेटत नाई काय?"

"काय म्हणतात ते?" विहीणबाईंनी विचारलं.

"तुमची चौकशी करताहेत," मी म्हणाले. त्यांनी चिमटा उंचावून नमस्कार केला.

कारण कळल्यावर मात्र तेही हसायचे थांबले आणि खाली उतरले. ऊन उतरेपर्यंत एक सोडून सगळ्या सुया मिळाल्या. ती एक काही सापडेना.

मी ढिवरांच्या म्होरक्याला म्हटलं, "भाऊ, उद्या सगळ्यांना चप्पल घालायला सांगा."

"जाळ्याच्या दिवशी पाळीवर पूजा राह्यते, बाई. चप्पल नाई चालत."

"मग एक दिवस पुढे ढकला."

"यापारी बरफ घेऊन येऊन राह्यला. बरफ काय मायासाठी थांबन?" मग त्याने पोरांना बोरी-बाभळीच्या काट्या तोडून आणायला पाठवलं आणि झुडपांचा तो सगळा तुकडा काट्यांनी झाकून टाकला.

"हे कशाला?" विहीणबाईंनी विचारलं.

"कोणाला सुई टोचू नये म्हणून," मी म्हणाले.

बोटभर लांबीच्या त्या काट्यांकडे त्या बराच वेळ बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी जाळं ओढलं गेलं. काटे पुष्कळांना लागले, सुई कोणालाच नाही. आमच्या बाईचा मालक काट्यांना वळसा घालून दोर ओढताना शिव्या देत होता आणि ती खालून बघत, पदर तोंडात धरून उभी होती. त्याने पाय झाडून दाखवला तेव्हा ती घरी गेली. सापडलेल्या सुया तुमच्या आजोबांनी जिल्ह्याच्या दवाखान्यात नेल्या. तिथे वापरलेल्या सुयांसाठी सिमेंटचा बंद खड्डा होता. ही चौकशी आम्ही पहिल्या दिवशी करू शकलो असतो, पण आमच्याकडे पत्रक होतं ना.

तेव्हा मोठे, तू ये. तुझ्या सुया दवाखान्यातल्या माणसाच्या हातात देऊन येऊ.

विहीणबाईंचा मायदेशी परत पोचल्याचा फोन आला तो याच विषयावर. आमच्याकडे येताना त्यांनी एक इंजेक्शन विमानातच घेतलं होतं आणि ती सुई तिथल्या बाईंकडे दिली होती. वजाबाकीत ते राहून गेलं. म्हणजे एकही सुई हरवली नव्हती. मी लगेच म्होरक्याकडे जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "असू द्या बाई. आता लोकाईले सवय झाली."

काट्या त्याच उन्हाळ्यात कोणाच्या तरी चुलीत गेल्या. पाळीवरची वाट अजून तिथे वळसा घेऊन जाते.