दहापैकी एक बरोबर, तोही ‘बेकार’

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा मी सांगायला लागले की मध्ये हसलेलं मला चालत नाही. चूक माझीच होती, हे आधीच कबूल करते. पण लाज वाटते का विचाराल, तर नाही वाटत. म्हणजे थोडी वाटते, पण ती मी कोणाला दाखवत नाही.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरच्या जवळच. घरची शेती, सोयाबीन आणि तूर, आणि माझं शिलाई मशीन. मुलगी एकच, रेणू, पाचवीत. तिला ट्यूशन नाही, कारण मी आहे ना! बारावी पास आहे मी, मराठीत वर्गात पहिली आले होते, आणि ही गोष्ट मी ज्याला सांगितली नाही असा माणूस आता गावात उरलेला नाही.

माझ्या मोठ्या जाऊबाई यवतमाळला राहतात. त्यांचं एकच पालुपद, रेणूला आमच्याकडे शाळेला पाठव, तिची भाषा सुधारेल. जशी काही पोरीची भाषा आजारीच पडली होती! पण ऐकून ऐकून रेणूचे बाबाही मान हलवायला लागले होते. आणि पोरगी घरात नसेल हा नुसता विचारही मला सोसत नव्हता. शाळेतून आली की मशीनजवळ बसून ती दिवसभराचं सगळं सांगते. ती गेली तर मी बोलू कोणाशी?

तेव्हा मी ठरवलं, पोरीचं मराठी असं पक्कं करायचं की यवतमाळचं नावच निघू नये.

त्याच सुमारास शाळेत नवीन सर आले. बोलणं एकदम छापील. मी मनाशी म्हटलं, हे नक्की पुण्याकडचे. त्यांनी वर्गात विशेषणं शिकवली आणि घरी करायला एक कागद दिला. दहा विशेषणं आणि प्रत्येकासमोर एक रिकामी रेघ. मी तेव्हा एका ब्लाउजला हुक लावत होते. तिथूनच नजर टाकली. चांगला, सुंदर, लहान, वेडा… हात्तिच्या, समानार्थी शब्द! हा तर माझ्या डाव्या हातचा मळ. रेणू काहीतरी म्हणायला लागली, तर तिला म्हटलं, मध्ये बोलू नको, मी सांगते ते लिही.

मी सांगत गेले, ती लिहीत गेली. चांगला म्हणजे बेस. सुंदर म्हणजे झ्याक. लहान म्हणजे बारका, वेडा म्हणजे भयाड, सरळ म्हणजे सुदा, पुष्कळ म्हणजे बेजा. मला पुस्तकातले शब्द येत नव्हते असं समजू नका हं. उत्तम, मनोहर, विपुल, सगळे येतात. पण ते तर सगळेच लिहितील. माझ्या पोरीनं घरचे शब्द का लिहू नयेत? ते काय उधारीचे आहेत?

‘छान’पाशी मात्र गाडी अडली. मग आठवलं, आमच्याकडच्या पोट्ट्यांना क्रिकेटमधला एखादा फटका फारच आवडला की ते ‘बेक्कार!’ म्हणून ओरडतात. म्हटलं लिही, छान म्हणजे बेकार. रेणूनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं.

कागद इतका सुरेख झाला की मी त्याचा फोटो काढून घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. गरज होती का? नव्हती. पण टाकला.

पाच मिनिटांत जाऊबाईंचा फोन. हे कसलं मराठी म्हणे, म्हणूनच सांगते, पाठव पोरीला. आता जाऊबाईंचं माहेर दारव्ह्याचं. लग्नात त्यांचे उखाणेसुद्धा वऱ्हाडीत होते. पण यवतमाळात फ्लॅट झाला आणि ‘मले’चं ‘मला’ झालं. मी म्हटलं, सर तपासतील तेव्हा बघा.

सरांनी तपासला. दोन दिवसांनी रेणूनं कागद मुकाट्यानं मशीनवर ठेवला. दहापैकी नऊ चूक. नऊ लाल फुल्या! आणि बरोबर काय, तर एकटा ‘बेकार’.

तुम्हीच सांगा, डोकं फिरणार नाही का? माझ्या आजीच्या तोंडचा ‘बेस’ चूक, आणि मैदानातल्या पोट्ट्यांचा ‘बेकार’ बरोबर! त्यात रेणूचे बाबा तो कागद हातात घेऊन हळूच बोलले, “वहिनीचंच बरोबर आहे मंग. दिवाळीनंतर पाठवून देऊ तिले.”

रात्री झोप नाही. सकाळी कागद घेतला आणि निघाले शाळेत. वाटेत जिनं विचारलं, तिला सगळं सांगितलं. जिनं विचारलं नाही, तिलाही सांगितलं. शाळेच्या फाटकाशी पोचेपर्यंत आम्ही सात बाया झालो होतो, आणि त्यातल्या दोघींची तर पोरंही त्या शाळेत नव्हती.

सर व्हरांड्यात आले. बसा म्हणाले. मी बसले नाही. ते म्हणाले, ताई, एकदा प्रश्न बघून घेता का. मी म्हटलं, प्रश्न आज मी विचारणार. मग जे सुरू केलं ते थांबलेच नाही. शेवटी म्हटलं, “सर, तुमी कुठचे असान तिकडचे असा. पन ह्या गावात चांगल्याले बेस म्हनतात. माही आजी म्हने, माही माय म्हनते, अन् माही पोरगी बी म्हनन. तुमच्या लाल पेनानं आमचे शब्द मरत नाहीत!”

बायांनी माना डोलावल्या. मला तर आपण पदर खोचून सभाच जिंकली असं वाटलं.

सर शांतपणे म्हणाले, “ताई, मी आपल्याच जिल्ह्यातला, झरी जामणीचा. माह्या घरी बी बेसच म्हनतात.”

घ्या! माझं पुणे तिथेच कोसळलं. पण मी हार मानणारी आहे का? म्हटलं, मग तर तुम्हाला दुप्पट कळायला पाहिजे, फुल्या काहून मारल्या?

“वरची ओळ वाचा,” ते म्हणाले.

मी वाचली. मोठ्यानं वाचली, सगळ्यांना ऐकू जावी म्हणून. ‘खालील विशेषणांचे विरुद्धार्थी शब्द लिहा.’

चांगलाच्या समोर बेस, चूक. सुंदरच्या समोर झ्याक, चूक. आणि छानच्या समोर बेकार, अगदी शंभर टक्के बरोबर. माझ्या मागच्या बायांपैकी एकीला गॅसवरचं दूध आठवलं, दुसरीला नळ. बघता बघता सात बायांची मी एकटी उरले.

अशा वेळी माणूस काय करतं? माफी मागतं. मी म्हटलं, “मंग येवढी मोठी गोष्ट इतक्या बारक्या अक्षरात काहून लिवली?”

सर हसले. त्यांनी रेणूला बाहेर बोलावलं आणि दहाही विशेषणं तोंडी विचारली. पोरीनं धडाधड सगळे विरुद्धार्थी सांगितले, एक चुकला नाही. मी तिला विचारलं, मग त्या दिवशी बोलली का नाहीस? तर म्हणते, “तू बोलूच नाही देत होती. अन् तू येवढी खूश होती आई, मी कशी सांगू?”

माझे डोळे भरून आले, खरं सांगते. माझी खुशी राहावी म्हणून पोरीनं नऊ फुल्या अंगावर घेतल्या होत्या. सर म्हणाले, हिला कुठेही पाठवायची गरज नाही, हिचं मराठी चांगलं आहे. आणि एवढ्यावर न थांबता त्यांनी माझा कागद मागून घेतला, फळ्यावर ‘समानार्थी’ असं ठळक लिहिलं आणि त्याखाली माझे नऊच्या नऊ शब्द उतरवले. ‘बेकार’ तेवढा सोडला. बघा, म्हणजे शब्द माझे बरोबरच होते. प्रश्न चुकला होता.

घरी येऊन मी रेणूच्या बाबांना सगळं सांगणार होते, फक्त ती ओळ वाचल्याचं गाळून. पण माझ्याआधी बाया पोचल्या होत्या. हे ओट्यावर पोट धरून हसत होते आणि फोन लावला होता थेट यवतमाळला, स्पीकरवर. “वहिनी, पोरीचं काही अडत नाही म्हनते सर. मंग दिवाळीनंतर पोरीच्या मायले पाठवू का तुमच्याकडं?”

तिकडून जाऊबाईंचं खो खो हसणं. मी फोन हिसकावला. “येतो की! पन तोच कागद तुमच्याबी फोनवर होता ना, जाऊबाई? तुमी तरी कुठी वाचली वरची ओळ? आपन दोघीबी बसू एका बाकावर.”

याला म्हणतात उत्तर! मी फोन ठेवला आणि मान ताठ करून जाहीर केलं, दिवाळी कशाला, मी उद्याच जाते यवतमाळला, बघू कोण कोणाची भाषा सुधारतं ते.

रेणू वहीत काहीतरी लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, “जाय ना आई. फक्त नेरच्या स्टँडवर गाडीची पाटी वाचून चढजो. नाही तं उलटी अमरावतीले उतरशीन.”