ठेवणीतली कवळी

दात किडला की आमच्या घरी दोन न्याय होते. माझा असेल तर धुळ्याला नेऊन भरून आणायचा, मायचा असेल तर पारोळ्यातच उपटून टाकायचा. भरायला तीन खेपा लागत, उपटायला एक, शिवाय स्वस्त. वडील लवकर गेलेले, आम्ही मायलेकी दोघीच. पन्नाशीच्या आत मायचं तोंड रिकामं झालं. तिनं भरून आणलेले माझे दात आजही शाबूत आहेत.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी जळगावला नोकरीला लागले आणि धुळ्याच्या डॉक्टरांकडून तिला कवळी करून दिली. तिथल्या आरशात पाहून माय हसली, लाजली, पुन्हा पाहून घेतलं. परतीच्या एसटीत मी मात्र सारखी बजावत होते, "जपून वापर हं. फुटली तर दुसरी करणं मला जमायचं नाही."

पुढच्या महिन्यात गावी गेले, तर माय ताकात भाकरी कुस्करून हिरड्यांनी चघळत बसलेली. कवळी पेटीत होती, ठेवणीतल्या लुगड्याच्या घडीत.

"रोज घालीसन घसाई जाई ती," माय म्हणाली. "तुना लगनमा घालसू. हळदना गाना म्हनसू."

भावकीत हळदीची गाणी मायशिवाय सुरू होत नसत. दात गेल्यापासून तिनं गाणं सोडलं होतं. डॉक्टरांनी कवळी रोज घालायला सांगितली होती, हे मला पक्कं आठवत होतं. पण खोटं कशाला बोलू, वस्तू जपली जातेय याचं मला बरंच वाटलं. पेटीचं झाकण मीच लावलं.

लग्न जमायला तीन वर्षं गेली. तेवढ्यात हिरड्या झिजल्या आणि कवळी सैल झाली, हे कळलं ते थेट हळदीच्या दिवशी. सासरच्या बायकाही आल्या होत्या. मायनं गाणं उचललं आणि पहिल्याच ओळीला वरची कवळी निसटून हळदीच्या ताटात पडली. बायका हसल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. वाईट होतं ते माझ्याच तोंडात.

"काढून ठेव ती, माय," मी म्हणाले. "चारचौघांत शोभा नको."

तिनं कवळी उचलली, पुसली, पदराच्या टोकाला बांधली. गाणं चुलतीनं पुढे नेलं. लग्नाच्या प्रत्येक फोटोत माय आहे, आणि प्रत्येक फोटोत तिनं तोंडावर पदर धरलाय.

दोन वर्षांनी हाताशी जरा पैसा आल्यावर मी गावी गेले. माय तांदूळ निवडत होती. म्हटलं, "चल धुळ्याला. नवी करू. रोज घाल, फुटली तर फुटू दे."

तिनं मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, ती खरंच विचारत होती.

"आत्ते कोनं लगीन शे?"