लसीच्या बाकावर भेटलेली बाई

मुलगी झाली तेव्हा घरात पेढे वाटले गेले, आणि मी आतून कोरडी पडत गेले. नव्वद सालच्या आसपास आम्ही पनवेलजवळच्या खांदा कॉलनीत नुकते राहायला आलो होतो. आई बाळंतपण उरकून गावी परतली होती, यजमान दिवसभर ऑफिसात. मी पोरीला पाजायचे, न्हाऊ घालायचे, पण ती माझी आहे असं वाटायचंच नाही. लहानपणापासून मी देवीची भक्त. आता देव्हाऱ्यापुढे बसले की शब्द सुचत नसत. जिला स्वतःचं लेकरू नकोसं झालंय, तिचं देवी तरी का ऐकेल?

अडीच महिन्यांच्या मुलीला लस द्यायला मी पनवेलच्या दवाखान्यात नेलं. खरं तर घरी परतायचंच नाही, असं ठरवून निघाले होते. मुलीला कोणाच्या तरी हवाली करायचं आणि आपण संपून जायचं. बाकावर शेजारी उरणकडच्या खेड्यातली एक पोक्त बाई बसली होती. "मावशी, हिला जरा धरता का? मी आलेच," मी म्हटलं.

तिने हात पुढे केला, पण मुलीला घेतलं नाही. माझं मनगट धरलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"बाय, पोर तूच धर. मी तुला धरते," ती म्हणाली. "माझ्या सुनंचं डोलं असंच झालतं. ती आत डाक्टरीणबायकडं बसलीय. तू पण चल. लाजायचं काय नाय."

शेजारच्या खोलीच्या दारावर 'मानसिक आजार' वाचून मी मागे सरले. तिने मनगट सोडलं नाही.

सून बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला आत घेतलं आणि साधे प्रश्न विचारले. झोप लागते का? बाळाजवळ जावंसं वाटतं का? मग अगदी हळू, "जगू नये असं वाटतं का?"

"आजच," मी म्हणाले. एवढा एक शब्द बोलून मी किती तरी वेळ रडत राहिले.

"हा आजार आहे, बाळंतपणानंतर होतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही वाईट आई नाही. पण आज मी तुम्हाला एकटं जाऊ देणार नाही." त्यांनी यजमानांना फोन करून बोलावून घेतलं.

बरं व्हायला जवळपास वर्ष लागलं. कित्येक आठवडे औषधं घेऊनही काहीच हलत नव्हतं. मग एका दुपारी मुलीला पुसताना तिच्या मानेचा वास आवडला, इतकंच. तिथून सुरुवात झाली.

त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं. नंतर प्रत्येक तपासणीला तिला शोधलं, दिसली नाही. ती देवी होती असं मी म्हणत नाही. पण मला प्रार्थनाही करता येत नव्हती, तेव्हासुद्धा देवीने मला टाकलं नव्हतं, एवढं मी जाणते. शरण जाणं म्हणजे फुलं वाहणं, अशी माझी समजूत होती. आपल्याला झेपत नाही हे कोणापुढे तरी खरं सांगणं, हेही शरण जाणंच, हे मला त्या खोलीत कळलं. आता देवीपुढे बसले की मी काही मागत नाही. जसं असेल तसं सांगते, आणि हात जोडते.