एकादशीची गोळी

"भिया, माझी पातळवाली दे!"

दुकानात कितीही गिऱ्हाईक असो, काका रस्त्यावरूनच ओरडायचे. आमच्याकडे भैयाचा 'भिया' होतो. नवखं माणूस चमकायचं. औषधाच्या दुकानात वरण मागतोय की काय हा? पातळवाली म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी. बायपास झाल्यापासून रोज एक. देवासला टेकरीच्या रस्त्यावर मी इतकी वर्षं औषधं विकतोय, पण अशी मागणी दुसऱ्या कुणाची ऐकली नाही.

काकांच्या शर्टाची वरची दोन बटणं कायम उघडी. छातीवरची शिवण लोकांना दिसली पाहिजे ना! "देख भिया, चेन लावलीय," म्हणायचे आणि स्वतःच खो-खो हसायचे.

एकदा तीस गोळ्या नेलेला हा माणूस बत्तिसाव्या दिवशी उगवला. म्हटलं, "काका, दोन दिवस काय केलंत?"

"दोन एकादश्या नाही का झाल्या! गोळीत मक्याचं पीठ असतं म्हणे. साबुदाणा चालतो, मका कसा चालेल?"

आधी मला हसू फुटलं, मग धस्स झालं. डॉक्टरांनी छाती उघडून रक्ताला नवी वाट करून दिली, आणि हे महिन्यातून दोनदा ती तुंबायला मोकळी सोडत होते! भर दुकानात आवाज चढवला मी. काकांचा उलट सवाल, "तुझे डॉक्टर एकादशी करतात का?"

शेवटी म्हटलं, "सकाळी गोळी देवापुढे ठेवा, वर तुळशीचं पान. मग तो प्रसाद. प्रसादाला नाही म्हणाल?"

काकांनी काउंटरवर थाप मारली. "अडकवलंस रे भिया!"

तेव्हापासून दर एकादशीला नऊच्या आत फोन. "प्रसाद घेतला!" बस, एवढंच. पुढे ते मुलीकडे धारला राहायला गेले, तरी फोन चुकला नाही. दुकान मात्र सुनं वाटायचं, खरं सांगतो.

मागच्या एकादशीला अकरा वाजले, तरी फोन नाही. मी लावला तर बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद.

"भिया!"

रस्त्यावरून तीच आरोळी. पहाटेच्या बसने निघालेले, मोबाइलची बॅटरी संपलेली. "घाईत पूजा राहिली रे," म्हणत आत आले, खिशातून गोळी काढली आणि माझ्या विठोबाच्या तसबिरीपुढे ठेवली.

"तुळस कुठंय?"

पन्नाशीचा मी, चार गिऱ्हाइकं तशीच उभी टाकून कोपऱ्यावरच्या हारवाल्याकडे पळत सुटलो.