विशाखाचा चिमटा

गोल बाजारात कुकरची शिटी बदलून घेत होते, तेव्हा फोन आला. माझ्या बालमैत्रिणीच्या, विशाखाच्या मुलाचा, अंकितचा. त्याला मराठी सगळी समजते, पण बोलतो हिंदीत. "मौसी, मम्मी नहीं रही," एवढंच म्हणाला. दुकानदार शिटी हातात धरून माझ्या तोंडाकडे पाहत उभा. मला आधी रडू नाही आलं, राग आला. आदल्याच संध्याकाळी मी तिच्या घरी होते. आमच्या गाण्याच्या मंडळातल्या सगळ्या बायकांची गाणी झाली, माझं राहून गेलं, तेव्हा दारापर्यंत सोडायला येऊन म्हणाली होती, "उद्या पहिली पाळी तुझी. लवकर ये, नाहीतर या बाया तुले गाऊ देत नाहीत." आणि रात्रीतून स्वतःच निघून गेली. झोपेतच हृदय बंद पडलं म्हणे. असं कोणी बोलावून ठेवून जातं का? त्या रागातून मी अजून पुरती बाहेर आलेली नाही, आणि यायची घाईही नाही.

आम्हा दोघींचे वडील विदर्भातून रेल्वेच्या नोकरीपायी रायपूरला आले. क्वार्टर एका ओळीत, शाळा एक, सायकलही एकच. त्या सायकलच्या चेनमध्ये विशाखाच्या डाव्या हाताची तर्जनी सापडली. बोट वाचलं, पण मधल्या पेरात वाकलेलं राहिलं ते कायमचं. तिची आई सगळ्यांना सांगायची की पोट्टीचं लग्न कसं होईल. विशाखाला लग्नाचं काही पडलं नव्हतं. तिला गिटार शिकायची होती. सरकारी ऑफिसात लागल्याबरोबर तिनं पहिल्या पगारातून गिटार आणली आणि समता कॉलनीतल्या एका क्लासला जाऊ लागली.

आता गिटारचं असं असतं की काही सूर धरायला तर्जनी सगळ्या तारांवर आडवी, सपाट दाबून ठेवावी लागते. हिचं बोट सपाट पडायलाच तयार नाही. सरांनी दोन-चार दिवस पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, तुम हारमोनियम सीख लो." ती घरी आली, एक पेन्सिल घेतली, तारांवर आडवी ठेवून रबरबँडनं करकचून बांधली. जे काम बोट करत नव्हतं ते पेन्सिलीनं केलं. पुढे कळलं की या कामासाठी तयार वस्तूच मिळते, तिला कॅपो म्हणतात. स्प्रिंगची पकड असते, गिटारच्या मानेवर लावायची. एक खण पुढे सरकवली की सगळ्या तारांचा सूर चढतो, बोटांचे आकार मात्र तेच राहतात. आमच्या बायकांना ती कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखी दिसली, म्हणून तिचं नाव चिमटाच पडलं.

तो चिमटा लावून ती परत क्लासला गेली. सर म्हणाले, "ये तो बैसाखी है." म्हणजे कुबडी. ती म्हणाली, "है तो है, सर. चलना मुझे है." क्लास सोडला असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही विशाखाला ओळखत नाही. त्याच क्लासात ती वर्षभर पहिल्या रांगेत बसली, चिमटा सगळ्यांना दिसेल असा.

पण चिमट्याचं खरं काम सुरू झालं ते आमच्या बुद्धविहारात. तिथे बायकांचं गाण्याचं मंडळ होतं आणि पेटीवर एक काका बसायचे. माणूस वाईट नाही, पण सूर त्यांचाच. त्यांनी एक पट्टी धरली की सगळ्यांनी त्यातच गायचं. अर्ध्या बायका पहिल्या कडव्यानंतर नुसते ओठ हलवायच्या. काकांचं ठरलेलं वाक्य होतं, "ज्याले जमत नसन त्यानं टाळ्या वाजवा." एका दिवशी विशाखा गिटार घेऊनच आली आणि कमलबाईला म्हणाली, "तू घरी भाकरी थापताना कशी गुणगुणतं, तशी म्हण. मी शोधते." कमलबाई लाजत लाजत म्हणत राहिली आणि ही चिमटा पुढे-मागे सरकवत राहिली. जमलं तसं म्हणाली, "हे तुझं घर. दुसरं." गिटारवरच्या खणांना ती घरच म्हणायची. शीलाचं चौथं निघालं. पुढे बायका एकमेकींना पत्ता सांगावा तसं आपलं घर सांगू लागल्या.

माझा आवाज जाड. शाळेपासून ऐकत आले, पोट्ट्यासारखा आहे म्हणून. माझ्या वेळी तिनं चिमटा काढून गिटारच्या डोक्याला, वरच्या खुंट्यांजवळ लावून ठेवला. मी विचारलं, "काहून? मले घर नाही का?" ती म्हणाली, "तुले चिमटा कायले पाहिजे? सगळी गिटार उघडी आहे तुझ्यासाठी." तेव्हापासून चिमटा डोक्याला गेला की बायका माझ्याकडे वळून बघायच्या. दुसऱ्या कुणासाठीही तो तिथे जायचा नाही.

काका अर्थात चिडले. "नाचता येईना अंगण वाकडं," असं तिच्या तोंडावर म्हणाले. विशाखा हसून म्हणाली, "वाकडं होतंच काका. मी सरळ करून घेतलं, तुमचं काय गेलं?" आणि मला बळेबळे बसवून बोटांचे तीन आकार शिकवले. माझी बोटं दुखायची, मी कुरकुर करायची. "तीनच शीक," ती म्हणायची, "बाकीचं चिमटा पाहून घेतो."

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची तयारी सुरू झाली तेव्हा मंडळाच्या गाण्याचाही विषय निघाला. अंकितनं सगळं नीट ठरवलं होतं, बिचाऱ्याचा हेतू चांगलाच. "मौसी, मोबाइल पे ट्रैक है. सब उसी स्केल में गा लेंगे, टाइम भी बचेगा." कमलबाई माझ्या कानाशी पुटपुटली, "म्या ओठ हालवतो, बस." माझं डोकंच फिरलं. जिनं आयुष्यभर हेच होऊ दिलं नाही, तिच्याच कार्यक्रमात कमलबाईनं ओठ हलवायचे? मी म्हटलं, "ट्रॅक बंद कर. गिटार कुठे आहे?"

गिटार तिच्या खोलीत खुर्चीला टेकलेली होती, त्या रात्री तिनं ठेवली तशीच. कोणी हात लावला नव्हता. चिमटा डोक्याला होता... मी दारातच थांबले. अंकित घाबरून म्हणाला, "क्या हुआ, मौसी?" मी म्हटलं, "काही नाही रे. तुझ्या आईनं माझी पाळी लावून ठेवली आहे."

विहारात पहिलं गाणं मी म्हटलं. तीन आकार, त्यातला एक दोनदा चुकला, आणि हा जाड आवाज. समोर बसलेल्या काकांनी हातानं खूण केली, सूर कोणता म्हणून. मी माइकवरूनच म्हटलं, "काका, तुम्ही टाळ्या वाजवा." त्यांनी वाजवल्या, आणि डोळेही पुसले, खोटं कशाला बोलू. मग मी चिमटा दुसऱ्या घरात लावला आणि कमलबाईला हाक मारली. त्या दिवशी कोणीही ओठ हलवून सुटलं नाही.

गिटार आता माझ्याकडे आहे. जाणकार सांगतात की तारा सैल करा, कव्हरमध्ये घालून कपाटात ठेवा. मी ठेवणार नाही. ती बाहेरच्या खोलीत खुर्चीला टेकलेली असते, बायका येतात, आणि सगळ्या गेल्या की मी चिमटा डोक्याला लावून ठेवते. मागच्या आठवड्यात अंकित आला. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, तरी उठेना. मग गिटारकडे बघत म्हणाला, "मौसी, मम्मी ने मेरा कभी देखा ही नहीं. मैं गाता कहाँ था... मेरा कौन सा घर होगा?"

मी गिटारच्या डोक्याचा चिमटा काढून हातात घेतला.

"म्हण तू," मी म्हटलं. "मी शोधते."