सव्वा महिना निपाणीला

बायकोला जाऊन आठ महिने झाले. ती कराचीची, तिकडं गेलेल्या माझ्या मामाची मुलगी. लग्न करून कोल्हापुरात आली ती परत गेलीच नाही. शाहूपुरीत माझं गाद्यांचं दुकान. मी कापूस भरायचा, तिनं टाके घालायचे. तरी पोलिसांच्या वहीत ती ‘परदेशी नागरिक’. राहायची परवानगी कोल्हापूरपुरती. बाहेर पाऊल टाकायचं तर अर्ज.

दरवर्षी मुदत वाढवून घ्यायला जायचो. फॉर्मवर एक रकाना होता, ‘भारतात राहण्याचा हेतू’. मी चौथी शिकलेला माणूस. लिहिलं, ‘संसार’.

हवालदार हसला. "चाचा, असं न्हाय लिवत. ‘पतीसोबत वास्तव्य’ लिवा."

"वास्तव्य भाडेकरूबी करतोय की! हिनं तीन पोरं वाढवल्यात हितं."

पण शेवटी त्याचाच शब्द लिहिला. मुदत पाहिजे होती.

मुलगी निपाणीला दिली. एसटीनं तासाभराची वाट, पण राज्य कर्नाटक. दुसऱ्या बाळंतपणाच्या खेपेला डॉक्टरनं तिला जागचं हलू नको म्हणून सांगितलं. आम्ही अर्ज केला. परवानगी मिळाली तीन दिवसांची, तीही बाळ आठ दिवसांचं झाल्यावर. बाळंतिणीपाशी आई सव्वा महिना लागते, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? बायको रागानं गेलीच नाही. तिनं शिवलेली दुपटी मीच पोचवली. परत आलो तर दारातच विचारलं, "तेल कोण लावतंय नातीला?"

मी तेव्हाच ठरवलं, हिला इथली नागरिक केल्याशिवाय मरायचं नाही.

वर्षं गेली. तिच्या पाकिस्तानी पासपोर्टाची मुदत संपलेली माझ्या ध्यानात आली नाही, त्यापायी नागरिकत्वाची फाइल एकदा माघारी आली. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी कलेक्टर कचेरीत शपथ झाली. हिनं मराठीत खणखणीत वाचली. हातात दाखला आला, त्यावर ‘भारताची नागरिक’. पायऱ्या उतरताना म्हणाली, "आता निपाणीला जायला कुणाला इचारायचं?"

"मला."

"तुम्हाला कवा इचारलंय मी!"

तोवर ती दुपट्यातली नात स्वतः बाळंतपणाला माहेरी आली होती. बायको दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत बसली, मी खिडकीखाली उभा. पिशवीत नवी दुपटी. अर्ज नाही, शिक्का नाही. कंडक्टरनं एवढंच विचारलं, "कुठं, मावशी?" हिनं सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "निपाणी!"

इकडं मी भाकऱ्या करपवत होतो. महिन्याच्या आतच फोन केला, "ये की आता."

"का? कुणी हाकलतंय व्हय मला? अजून अकरा दिवस हाईत माझं."

माझं, म्हणाली. मी फोन ठेवला. करपलेली भाकरी मिटक्या मारत खाल्ली.

आताही एकटाच जेवतो. घास उतरत नाही तेव्हा तिचं ते ओरडणं आठवतो, निपाणी!